मालमोटारींच्या लघुप्रतिकृती : प्रस्तावना

कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताच घडण पुरी झाली असे जिच्याविषयी म्हणता येईल ती खासगी मोटारगाडी. मालमोटारीचा प्रकार निराळा. ती कोणत्या मालासाठी, कोणत्या घाटांतून, किती चाकांवर आणि कोणत्या मुलखाच्या कायद्याखाली धावणार हे तिच्या मालकाला आगाऊ मुक्रर करावे लागते, आणि त्या निर्णयानुसार तिच्या सांगाड्याची लांबी, इंजिनाची शक्ती, आसांची संख्या, इंधनाच्या टाक्यांचे आकारमान, चालकाच्या निजण्याची सोय, हे सारे एकामागून एक ठरत जाते. पुढे रस्त्यावर आल्यावरही अपघात, दुरुस्ती, मालकीहक्काचे बदल आणि सरकारी हुकूम यांच्या खुणा तिच्या अंगावर उमटतच राहतात. एकाच महिन्यात एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन मालमोटारी काही वर्षांनी शेजारी उभ्या केल्या, तर त्या एका घरच्या आहेत हे ओळखणे जड जावे, इतका फरक त्यांत पडलेला असतो. या वाहनाच्या एक-चोविसांश किंवा एक-पंचविसांश आकाराच्या प्रतिकृती घडविण्याचा छंद ज्यांनी मनोभावे जोपासला आहे, त्यांच्या कामाचे मर्म या वस्तुस्थितीत आहे, आणि प्रस्तुत पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकापुढे मला प्रथम तीच ठेवावीशी वाटते.

तयार संचातील भाग, पेटीतून निघाले तसे, सूचनापत्रकाबरहुकूम जोडले म्हणजे जी मालमोटार उभी राहते, ती दिसावयास कितीही सुबक असली तरी कोणाच्याच मालकीची नसते; तिने कधी माल वाहिलेला नसतो, तिला नंबर नसतो, गाव नसते, साल नसते. तिला विशिष्ट सालातील, विशिष्ट कामावरची, विशिष्ट धन्याची गाडी करावयाची झाली, तर सांगाडा कापावा लागतो, आस बदलावे लागतात, टाक्या नव्याने घडवाव्या लागतात. मोटारगाडीच्या प्रतिकृतीत असे फेरफार ही बहुधा करणाराची लहर असते, आणि त्या लहरीलाही तिचे सौंदर्य आहे. मालमोटारीच्या बाबतीत मात्र फेरफार हाच यथातथ्याकडे जाण्याचा मार्ग ठरतो. शिवाय या वाहनाचे यंत्र आच्छादनाखाली दडलेले नसते. सांगाड्याच्या दोन लोखंडी पट्ट्या, त्यांना सांधणारे आडवे दांडे, कमानपाटे, ब्रेकसाठी हवा साठविणाऱ्या टाक्या, बॅटरीची पेटी, धुराचा नळ, हे सर्व उघड्यावर असल्यामुळे प्रतिकृतिकाराला लपविण्याची मुभा फारच थोडी मिळते.

या छंदाला आजचे रूप आले ते प्रथम अमेरिकेत. १९४८ साली मिशिगन राज्यात एएमटी ही कंपनी निघाली. तिच्या नावाच्या तीन अक्षरांतील पहिले अक्षर अॅल्युमिनियमचे होते, कारण आरंभी ती त्या धातूच्या छोट्या मोटारी ओतीत असे, आणि त्या मोटारी दुकानातील खेळण्यांपेक्षा फोर्डच्या विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना दाखवावयाचे नमुने म्हणून अधिक वापरल्या जात. लवकरच धातूची जागा प्लॅस्टिकने घेतली, आणि १९५८ साली या कंपनीने एक-पंचविसांश प्रमाणाचे असे जोडसंच बाजारात आणले की ज्यांतील भागांपासून एकच गाडी कारखान्यातल्यासारखी, हौशी मालकाने सजविल्यासारखी किंवा शर्यतीच्या मैदानावरची, अशी तिन्ही तऱ्हांनी बांधता यावी. फेरफाराला पेटीतच सनद मिळाली ती त्या दिवसापासून, असे मी मानतो. साठचे दशक संपता संपता त्याच कंपनीच्या पेट्यांवर मालमोटारी दिसू लागल्या, आणि पीटरबिल्ट ३५९ या लांब नाकाच्या गाडीचा ‘कॅलिफोर्निया हॉलर’ नावाने निघालेला संच आजही नवनव्या आवृत्त्यांतून विकला जातो, यावरून त्याची योग्यता कळावी. त्यामागोमाग केनवर्थ, व्हाइट-फ्रेटलायनर, ऑटोकार, जीएमसी अशा एकेका घराण्याच्या गाड्या आल्या. आयोवा राज्यात शेतीच्या ट्रॅक्टरांच्या खेळण्यांसाठी नाव कमावलेल्या अर्टल कंपनीनेही आपले संच काढले आणि पुढे एएमटीचे नावच विकत घेतले.

सत्तरीचे दशक या कामाला अनुकूल होते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली, चालक एकमेकांना सावध करण्यासाठी आखूड पल्ल्याचे रेडिओ बाळगू लागले, आणि त्यांच्या बोलीतून गाणी, दूरचित्रवाणीच्या मालिका आणि चित्रपट निघाले. लांब पल्ल्याचा मालमोटारचालक हा त्या देशाच्या लोककल्पनेतला एक नायक झाला. तथापि त्या काळातील संच आज टेबलावर मांडून पाहणाऱ्याला एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही : त्यांत सपाट तोंडाच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच चालकाची केबिन बसविलेल्या गाड्या फार आहेत, आणि आज अमेरिकेच्या हमरस्त्यावर तशी गाडी क्वचितच दिसते. याचे कारण अभिरुचीत शोधण्यापेक्षा कायद्याच्या दफ्तरात शोधावे. पूर्वी अनेक राज्यांत गाडी आणि तिला जोडलेला ट्रेलर या दोहोंच्या एकत्रित लांबीवर बंधन होते. साहजिकच नाक जितके आखूड तितकी मालाला जागा जास्त, म्हणून मालवाहतूकदार सपाट तोंड पसंत करीत. १९८२ च्या वाहतूकविषयक कायद्याने राष्ट्रीय महामार्गांच्या जाळ्यावर एकत्रित लांबीचे बंधन उठविले आणि मोजमाप एकट्या ट्रेलरपुरते ठेवले. नाक आखूड ठेवण्याचे प्रयोजनच उरले नाही, आणि चालकाला अधिक सोयीची व दुरुस्तीला सुलभ अशी लांब नाकाची गाडी थोड्याच वर्षांत सर्वत्र झाली. युरोपात एकत्रित लांबीचे बंधन कायम राहिले, म्हणून तेथील गाड्यांचे तोंड सपाटच राहिले; बोलोन्याजवळच्या इटालेरी कंपनीने एक-चोविसांश प्रमाणात काढलेल्या व्होल्वो, स्कानिया, मर्सिडीज, डाफ, इव्हेको यांच्या प्रतिकृती ओळीने मांडल्या तर तो कायदाच डोळ्यांपुढे उभा राहतो. मालमोटारीच्या आकाराला साल असते हे मी वर म्हटले, ते या अर्थाने. आणि सत्तर सालच्या सपाट तोंडाच्या केनवर्थमागे आजचा ५३ फुटी ट्रेलर जोडून ठेवणाराने, त्याचे हात कितीही सफाईचे असोत, इतिहासाशी प्रतारणाच केलेली असते.

जपानमधील एका शाखेचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण तेथे अलंकार हीच वस्तुस्थिती आहे. दिव्यांच्या रांगा, चकाकत्या पोलादी पत्र्याची शिरोभूषणे आणि हौद्याच्या बाजूंवर रंगविलेली भव्य चित्रे यांनी मढविलेल्या ‘देकोतोरा’ नावाच्या गाड्या त्या देशातील मासळी वाहणाऱ्या चालकांत रूढ होत्या. तोएइ कंपनीच्या १९७५ ते १९७९ या काळातील ‘तोराक्कु यारो’ या दहा चित्रपटांनी त्यांना देशभर प्रसिद्धी दिली, आणि शिझुओकाच्या आओशिमा कंपनीने त्यांचे एक-बत्तिसांश प्रमाणाचे संच काढले. पुष्कळ कसलेले प्रतिकृतिकार चकचकीत मुलाम्याला नाके मुरडतात, आणि माझाही ओढा स्वतः राबलेल्या, साध्या, दिवसपाळीच्या गाडीकडेच आहे. परंतु देकोतोराच्या कारागिराने एकेक दिवा मोजून बसविलेला असतो, कारण मूळ गाडीच्या मालकाने तो तसा मोजून बसविला होता, आणि या निष्ठेपुढे अभिरुचीचा वाद गौण ठरतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. एक-चोविसांश हे प्रमाण फुटाला अर्धा इंच या हिशेबाचे आहे, आणि एक-पंचविसांश त्याहून किंचित लहान. या दोहोंतला फरक डोळ्याला कळत नसला तरी एका प्रमाणाची केबिन दुसऱ्या प्रमाणाच्या सांगाड्यावर बसविताना हाताला मात्र तत्काळ कळतो. अमेरिकन जड मालमोटारीच्या सांगाड्याची रुंदी बाहेरून बाहेर साधारणतः ३४ इंच असते. एक-पंचविसांश प्रमाणात ती साडेचौतीस मिलिमीटर भरते, आणि इतक्याशा रुंदीच्या दोन पट्ट्यांवर पाव मीटर लांबीची सारी इमारत तोलावयाची असते. म्हणून सांगाड्याला जितका वेळ द्यावा तितका थोडाच. जाड काचेच्या तुकड्यावर, काटकोन लावून, पट्ट्या आणि आडवे दांडे जुळवावेत, द्रावक मुरू द्यावा आणि रात्रभर हलवू नये. प्लॅस्टिक जोडणारे द्रावक गोंदासारखे चिकटत नाही, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते, आणि हा सांधा पुरता वाळण्याआधी सांगाड्याला अर्ध्या मिलिमीटरचा पीळ जरी बसला, तरी शेवटी दहा चाकांपैकी एक अधांतरी राहते. रंग, चित्रे, चकाकी यांनी हा दोष झाकला जात नाही. प्रदर्शनातील अनुभवी परीक्षक प्रथम वाकून चाकांच्या तळाशी पाहतात ते एवढ्याचसाठी.

सांगाडा लांबविणे हा या हुन्नरातील पहिला मोठा फेरफार, आणि प्रतिकृतिकाराला खऱ्या गाडीचे ज्ञान किती आहे याची कसोटी येथेच लागते. पट्टी कापून मध्ये तुकडा घालणे अवघड नाही. सांधा इंधनाच्या टाकीआड येईल अशा जागी घ्यावा आणि आतून पॉलिस्टायरीनची पट्टी देऊन बळकट करावा, एवढे केले की लांबी वाढली. परंतु लांबी वाढली की प्रोपेलर शाफ्टही लांबला पाहिजे. फार लांब शाफ्ट एकसंध ठेवला तर खऱ्या गाडीत तो थरथरून तुटेल, म्हणून त्याचे दोन भाग करून मध्यभागी बेअरिंगचा आधार द्यावा लागतो. त्या आधारासाठी आडवा दांडा नवा घालावा लागतो. आणि ब्रेकच्या हवेच्या नळ्या त्या दांड्याला वळसा घालून मागे न्याव्या लागतात. एका कापातून निघालेली ही परंपरा जो शेवटपर्यंत निभावतो त्याची गाडी उलटी करून पाहिली तरी खरी वाटते. ट्रेलरकडे जाणाऱ्या हवेच्या दोन नळ्यांत तांबडी आणीबाणीच्या पुरवठ्याची आणि निळी नित्याच्या ब्रेकची, हा अमेरिकन शिरस्ता ज्याला ठाऊक नाही तो रंगांची सरमिसळ करून बसतो, आणि ज्याने आयुष्यभर गाडी चालविली आहे अशा माणसाची नजर नेमकी तेथेच अडते.

जुन्या संचांचे काही उपद्रव आहेत, त्यांची माहिती नवशिक्याला आधी असलेली बरी. मऊ व्हायनिलचे टायर वर्षानुवर्षे पेटीत पडले की त्यांतील द्रव्य पाझरून ज्या प्लॅस्टिकला ते टेकलेले असतात त्याला खाऊन टाकते. म्हणून जुनी पेटी मिळताच टायर वेगळ्या पिशवीत घालावेत. चकाकीचा मुलामा दिलेल्या भागांवर साच्याची रेघ ठळक दिसते, आणि मुलाम्यावर द्रावक नीट पकड घेत नाही. असे भाग घरगुती ब्लीचच्या पाण्यात ठेवून मुलामा उतरवावा, रेघ घासून काढावी आणि मग धातूचा रंग किंवा पातळ चिकट वर्ख लावावा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेच्या भागांवर पांढुरका डाग पाडते, तेव्हा खिडक्यांना तो वापरू नये. रेझिनचे ओतीव भाग वापरले तर ते घासताना पाण्याचा हात ठेवावा आणि नाकातोंडावर आच्छादन घ्यावे; ती धूळ फुप्फुसाला घातक आहे, आणि फवाऱ्याने रंग देताना खिडकी उघडी ठेवणे हा या कामातील पहिला नियम मानावा.

रंगाविषयी बोलताना प्रमाणाचा विचार पुष्कळांना सुचत नाही. अर्ध्या दशांश मिलिमीटर जाडीचा थर आपल्याला नखाएवढाही जाणवत नाही, पण पंचवीस पटीने तो सव्वा मिलिमीटर होतो, आणि इतका जाड रंग कोणत्याही मालमोटारीवर नसतो. बिजागऱ्या, स्क्रू, दारांच्या फटी त्याखाली बुजून जातात. म्हणून पातळ थर, पुनःपुन्हा. जुनेपणा दाखविण्याची कला मात्र याहून कठीण आहे, कारण ती रंगाच्या डबीतून येत नाही, कामाच्या ज्ञानातून येते. केबिनीत चढण्याच्या पायरीचा रंग चालकाच्या बाजूस उडालेला असतो, दुसऱ्या बाजूस तितका नसतो. ट्रेलर ज्या फिरत्या तबकडीवर टेकतो ती वंगणाने काळीभोर असते आणि तिच्याभोवतीचा सांगाडा धुळीने राखाडी. धुराच्या नळाच्या तोंडाशी उष्णतेने धातू निळसर झालेला असतो. दूध वाहणारी टाकी नित्य धुतली जाते, म्हणून तिचा माथा स्वच्छ आणि चिखल खाली. तर लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या गाडीला चिखल खिडकीपर्यंत. सगळीकडे सारखा गंज फासून दिलेली गाडी जुनी दिसत नाही, ती केवळ मळलेली दिसते.

चालत्या प्रतिकृती ही या छंदाची दुसरी शाखा, आणि तिच्याविषयी प्रस्तुत पुस्तकात एकच प्रकरण आहे, ते योग्यच आहे. तिचे शास्त्र स्वतंत्र आहे. शिझुओकाचीच तामिया कंपनी, जी पूर्वी लाकडाचा व्यापार करी आणि लाकडी प्रतिकृतींवरून प्लॅस्टिककडे वळली, तिने एक-चतुर्दशांश प्रमाणाच्या, रेडिओने चालणाऱ्या आणि त्याच रेडिओने तीन गिअर बदलता येणाऱ्या मालमोटारी काढल्या. जर्मनीत वेडिको कंपनीने एक-षोडशांश प्रमाणात अॅल्युमिनियमचे सांगाडे दिले. एक-चतुर्दशांशात लांबी चौदा पटीने घटते तर वजन चौदाच्या घनाने, म्हणजे २७४४ पटीने. ४० टनांची भरलेली गाडी साडेचौदा किलोंवर येते. रिकामी प्रतिकृती त्याहून पुष्कळ हलकी असल्यामुळे खड्ड्यावरून जाताना टणकन उडते, आणि खऱ्या गाडीचा जडपणा तिच्या चालीत आणावयाचा तर ट्रेलरमध्ये खरोखरच ओझे भरावे लागते आणि कमानींची पाने कमी करावी लागतात.

आपल्याकडे या छंदाची स्थिती काय, हा प्रश्न वाचक विचारील, आणि त्याचे उत्तर मला उत्साहाचे वाटते. परदेशी कंपन्यांच्या सूच्या अमेरिकन, युरोपीय व जपानी गाड्यांनी भरलेल्या आहेत. भारतीय मालमोटार करावयाची तर बहुतांशी ती हातानेच घडवावी लागते. पण मालमोटारीची घडण कारखान्याबाहेर पुरी होते हे आरंभी जे म्हटले, ते आपल्या गाडीइतके स्पष्ट दुसऱ्या कोठे क्वचितच दिसेल. टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपुरास मालमोटारी बांधावयास घेतल्या, कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज आणि फार्गो निघत, मद्रासेकडून लेलँड येत. परंतु कारखान्यातून पुष्कळदा निघे तो नुसता सांगाडा, इंजिन आणि पुढचा दर्शनी भाग. अशी चासी, डोक्याला फडके बांधलेला चालक उघड्यावर बसून, शेकडो मैल चालवीत नेई, आणि मग गावोगावचे सुतार, लोहार व रंगारी तिच्यावर केबिन आणि हौदा उभा करीत. त्या कारागिरांपाशी छापील नकाशे क्वचितच असत. लाकडाच्या फळ्या, त्यांना कवेत घेणारे लोखंडी अँगल, साखळीने अडकविलेला फाळका, केबिनीच्या माथ्यावर ताडपत्री व दोर ठेवण्याची जागा, दारांवरची कमळे आणि मागची अक्षरे यांत प्रत्येक मुलखाची वहिवाट निराळी. कोल्हापूर-सांगलीकडे ऊस वाहणारी गाडी आणि मुंबईच्या बंदरातून पोलाद वाहणारी गाडी यांचे हौदे एका मापाचे नसतात.

सालाची खातरजमा येथेही करता येते. १९६९ साली डाइमलर-बेंझशी असलेला करार संपला आणि टेल्कोच्या गाड्यांच्या तोंडावरील वर्तुळातला तारा जाऊन तेथे टाटांचे चिन्ह आले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने व्यापारी वाहनांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास मनाई केली. तेव्हा तारा असलेली गाडी, हे तीन शब्द लिहिलेली गाडी आणि ते पुसून त्यावर फिरविलेला रंगाचा पट्टा अजून वेगळा दिसणारी गाडी, या तीन निरनिराळ्या काळांच्या गाड्या आहेत, आणि त्या प्रत्येकीची प्रतिकृती व्हावी अशी माझी मनापासूनची इच्छा आहे, कारण त्या बांधणारे सुतार-रंगारी आता थोडे उरले आहेत आणि कारखान्यातच पुऱ्या झालेल्या पोलादी केबिनींनी त्यांची जागा घेतली आहे. लेथमशीन आणि साचे ज्यांना परवडत नव्हते त्यांनाही आता त्रिमितीय छपाईच्या यंत्राने दर्शनी भागाची जाळी, दिव्यांची कडी, चाकांच्या मधल्या तबकड्या करून घेता येतात. हौदा मात्र हातानेच बांधावा असे माझे मत आहे. सहा इंच रुंद आणि दीड इंच जाड फळी एक-पंचविसांशात सहा मिलिमीटर रुंद व दीड मिलिमीटर जाड होते. तिच्यासाठी अगदी बारीक रेषेचे लाकूड निवडावे, कारण ठळक रेषांच्या लाकडात त्या रेषांना पंचवीस पटींनी लहान होण्याची सवलत नसते, आणि फळी फळीसारखी न दिसता ओंडक्याच्या चिरेसारखी दिसते.

ज्याला भारतीय गाडी करावयाची आहे त्याने पहिल्या प्रकरणाकडे जाण्यापूर्वी एक टेप, एक वही आणि कॅमेरा घेऊन जवळच्या ट्रक-अड्ड्यावर जावे, चालकाची परवानगी घ्यावी, आणि प्रथम पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर मोजावे, कारण बाकीची सगळी मापे त्यावरून ताडून पाहता येतात. त्यानंतर जमिनीपासून सांगाड्याच्या वरच्या कडेची उंची, हौद्याची आतली लांबी-रुंदी, फळ्यांची संख्या आणि फाळक्याच्या बिजागऱ्यांची जागा घ्यावी. स्टेपनी कोणत्या बाजूस टांगली आहे ते लिहावे. छायाचित्रे समोरून व मागून सरळ घ्यावीत, बाजूने घेताना दूर उभे राहावे म्हणजे रेषा वाकत नाहीत, आणि गाडीखालचे एक तरी चित्र घ्यावे. वहीत प्रत्येक मापासमोर गाडीचे साल, ती वाहत असलेला माल आणि ज्या गावी तिची बॉडी बांधली गेली त्या गावाचे नाव चालकाला विचारून नोंदवावे. बॉडी कोठे बांधली हे तो बहुधा बिनचूक सांगतो.